आधी हाड शोधा, मग रेघ मारा: सर्जन असून ड्रॉइंग मास्तर झालेल्या टाँक्स यांच्या पद्धतीने माणूस काढायला शिका

माणूस काढायला बसलं की आपण बहुतेक सगळे बाहेरची कड काढत सुटतो. डोक्यापासून सुरुवात, मग मान, खांदा, दंड, आणि असं करत करत खाली येईपर्यंत कागद संपतो, पाय कसेबसे कोंबले जातात आणि चित्रातला माणूस जमिनीवर उभा आहे की खुंटीला टांगलाय तेच कळत नाही. ज्यांचा हात चांगला आहे, शाळेत एलिमेंट्री इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळालेली आहे, त्यांचंही हेच होतं. वस्तुचित्र जमतं, निसर्गचित्र जमतं, माणूस आला की गाडी अडते. यावर मला सगळ्यात पटलेला उपाय हेन्री टाँक्स यांच्या पद्धतीत आहे आणि तो घरी बसून, नोकरी सांभाळून करता येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

टाँक्स मूळचे सर्जन. १८६२ चा जन्म, इंग्लंडमधलं सॉलिहल हे गाव, घरचा पितळेच्या ओतकामाचा कारखाना. ब्रायटनला आणि मग लंडन हॉस्पिटलला डॉक्टरकी शिकले, फ्रेडरिक ट्रीव्ह्स या त्या काळच्या नावाजलेल्या सर्जनच्या हाताखाली हाऊस सर्जन होते आणि १८८८ ला रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो झाले. आता यापुढे सरळ प्रॅक्टिस थाटायची, पण त्यांनी साधारण त्याच सुमारास वेस्टमिन्स्टर स्कूल ऑफ आर्टमध्ये फ्रेडरिक ब्राऊन यांच्या संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं. दिवसा हॉस्पिटल, संध्याकाळी ड्रॉइंग. मध्ये मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमीही शिकवली. १८९२ ला ब्राऊन लंडनच्या स्लेड स्कूल या कलाशाळेचे प्रोफेसर झाले, त्यांनी टाँक्सना शिकवायला बोलावून घेतलं आणि टाँक्सनी डॉक्टरकी सोडली. पुढे १९१८ ते १९३० ते स्वतः तिथे प्रोफेसर होते. ऑगस्टस जॉन, त्यांची बहीण ग्वेन जॉन, स्टॅनली स्पेन्सर, पॉल नॅश, डोरा कॅरिंग्टन ही सगळी मंडळी त्यांच्या हाताखालून गेली. इंग्लंडच्या गेल्या शतकातल्या चित्रकलेचा अर्धा इतिहास त्या एका वर्गात बसून ड्रॉइंग करत होता असं म्हटलं तरी चालेल.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या, क्लासला जायला लागले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, डिग्री हातात होती, ड्यूटी चालू होती. तेव्हा तुम्ही डॉक्टर असा, नर्स असा, बँकेत असा, दोन मुलांची आई असा, वेळापत्रक तेच: रोजचा अर्धा तास आणि आठवड्यातून एकदा सलग दोन तास, जिवंत माणूस समोर बसवून. रोजच्या अर्ध्या तासाला पर्याय नाही हे सांगून ठेवतो, रविवारी सहा तास बसून तो भरून निघत नाही.

सामान कमी घ्या. सहा-आठ साधे कार्ट्रिज कागद, टू बी आणि फोर बी पेन्सिल, थोडा चारकोल, मळता येणारं खोडरबर, एक ड्रॉइंग बोर्ड आणि एक ओळंबा. हो, गवंड्याचा असतो तोच, किंवा दोऱ्याला नट बांधला तरी झालं. बोट किंवा कापूस लावून शेडिंग घासायची सवय असेल तर ती आजपासून बंद. स्लेडमध्ये रेघेला मान होता, घासून गुळगुळीत केलेल्या शेडिंगला नव्हता, आणि त्यामागे कारण आहे. घासलेलं शेडिंग चुकीवर पांघरूण घालतं, पोटरी गोल दिसते पण तिच्या आतली नडगी कुठून कुठे गेलीय हे काढणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता मुख्य गोष्ट. टाँक्स यांचा सगळा भर हाडाची दिशा पकडण्यावर. कपडा, कातडी, चरबी, स्नायू हे सगळं हाडावर चढलेलं आहे, तेव्हा आधी हाड कुठून कुठे चाललंय ते ठरवा, मग रेघ मारा. पेशंट तपासताना सर्जन आधी हात लावून बघतो, कुठे टणक लागतंय, कुठे मऊ, तेच डोळ्यांनी करायचं.

पहिले काही दिवस दुसरा माणूस नकोच, स्वतःचं शरीर वापरा. डावा हात टेबलावर ठेवा आणि उजव्या हाताच्या बोटांनी कोपराच्या टोकापासून करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत चाचपत या. सबंध वाटभर एक हाड कातडीच्या लगेच खाली लागतं, कुठेही तुटत नाही. ही एक सलग कड तुम्हाला कळली की पुढचा हात कधीच रबराच्या नळीसारखा येणार नाही. मग कोपर. हात सरळ असताना कोपरामागचं टोक आणि दोन बाजूंचे दोन उंचवटे एका आडव्या ओळीत लागतात, हात काटकोनात वाकवला की त्याच तीन जागांचा त्रिकोण होतो. हाडांचे डॉक्टर कोपर निखळलंय का हे बघायला आजही हे तीन उंचवटे चाचपतात. तुम्ही कागदावर ते तीन ठिपके दिले आणि मग बाहेरची रेघ मारली तर कोपर वाकलंय की सरळ आहे हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. पायाला या: नडगी गुडघ्याच्या वाटीखालून निघते ती घोट्याच्या आतल्या बाजूपर्यंत कातडीखालीच असते, टेबलाच्या पायाला आपटते तेव्हा कळतंच. घोटे मात्र नीट बघा, आतला घोटा वर असतो आणि बाहेरचा खाली. सरळ आडवी रेघ मारून दोन्ही घोटे एका पातळीवर काढले की पाऊल लाकडाचं दिसतं, नव्वद टक्के लाकडी पावलांचं रहस्य एवढंच आहे असं मला वाटतं. गळ्याच्या खालची दोन हाडं छातीच्या मध्याजवळ पुढे येतात आणि खांद्याकडे जाताना मागे वळतात, आणि मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक मणका ठळक वर येतो. या जागा रोज एकेक करून चाचपा, लगेच काढा, परत चाचपा. गुडघा, मनगट, जबडा, खांद्याच्या मागचं पातं, प्रत्येकाला एक दिवस द्या. चित्र सुंदर यायची गरज नाही, हाड बरोबर यायला पाहिजे.

यानंतर समोर माणूस. घरातला कोणीही चालेल, फक्त त्यांना आधी विचारा आणि वीस मिनिटांच्या वर उभं करू नका, मध्ये पाच मिनिटं बसू द्या. वडीलधाऱ्यांना खुर्चीत बसवूनच काढा.

उभा माणूस सहसा दोन्ही पायांवर सारखा भार देत नाही, एका पायावर भार टाकतो. ज्या पायावर भार त्या बाजूचा खुबा वर येतो, दुसऱ्या बाजूचा खाली जातो, आणि तोल सांभाळायला खांदे उलट दिशेने कलतात. आपल्या मूर्तींमधला त्रिभंग याच नियमावर उभा आहे, तेव्हा हे काही परकं नाही. कागदावर सगळ्यात आधी तीन रेघा: खांद्याची तिरकी, कंबरेच्या हाडाची उलट तिरकी, आणि भार घेतलेल्या पायाची खुब्यापासून घोट्यापर्यंत. मग ओळंबा काढा. एक डोळा मिटून दोरा गळ्याच्या खळग्यावर धरा, दोरा खाली बघत जा. माणूस एका पायावर उभा असेल तर दोरा त्या पायाच्या घोट्याच्या आसपास येतो. असा माणूस काढताना तुमच्या कागदावर खळग्यातून सरळ रेघ खाली सोडली आणि ती दोन पायांच्या मधोमध हवेत पडली, तर तुमचा माणूस पडतोय. इथे खोडा, पुढे जाऊन डोळे-नाक काढत बसू नका, मुळातच तोल नाही तर चेहरा कितीही हुबेहूब काढून काही उपयोग नाही.

तोल जमला की बरगड्यांचा पिंजरा आणि कंबरेचं हाड हे दोन मोठे ठोकळे ठेवा, त्यांच्यामध्ये मऊ भाग आहे, तो एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दाबल्या बाजूला वळ्या, ताणल्या बाजूला लांब सलग रेघ. साडीतली बाई काढताना तर हे फार उपयोगी पडतं कारण निऱ्या आणि पदर कुठे ओढला जाईल हे खालचे ठोकळेच ठरवतात, साडीचे चुणे नुसते बघून काढले की ते कागदावर चिकटवल्यासारखे येतात.

आणि आता बाहेरची रेघ. ती शेवटी येते. तिच्याकडे कड म्हणून बघू नका, फॉर्म, म्हणजे शरीराचा घनाकार, वळून पलीकडे जातो ती जागा म्हणून बघा. दंडाची रेघ खांद्याच्या मागे शिरते, मांडीची गुडघ्याच्या मागे, कुठली रेघ पुढे आणि कुठली मागे जाते हे दर वेळी ठरवा आणि पुढची रेघ मागच्या रेघेवरून जाऊ द्या. शेडिंग करायचंच असेल तर बारीक रेघांनी, आणि रेघा फॉर्म ओलांडून जातील अशा दिशेने. मांडी गोल असेल तर रेघ त्या गोलाईवरून गेली पाहिजे. एखादी रेघ चुकली तर लगेच खोडू नका, शेजारी बरोबर रेघ मारा, दोन्ही राहू द्या, म्हणजे उद्या बघितल्यावर तुम्हाला कळेल की डोळा कुठे फसत होता.

स्लेडमध्ये नवीन विद्यार्थ्याला एकदम जिवंत मॉडेलसमोर बसवत नसत, आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून ड्रॉइंग. पुतळा हलत नाही, दमत नाही. आपल्याकडे मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टसारख्या ठिकाणीही पुतळ्यांवरून ड्रॉइंग करायची जुनी परंपरा आहे. तुम्हाला पुतळा मिळणार नसेल तर झोपलेला माणूस काढा, दुपारच्या वामकुक्षीसारखा मॉडेल नाही. आणि जुन्या मास्टर लोकांची ड्रॉइंग उतरवा. स्लेडचे विद्यार्थी त्यासाठी ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसायचे, आपल्याला मायकेलअँजेलो, रूबेन्स यांची ड्रॉइंग मोठ्या म्युझियमांच्या साइटवर मोठ्या साइजमध्ये बघायला मिळतात. कॉपी करताना नुसती रेघ उतरवू नका, दर रेघेला विचारा की इथे खाली कुठलं हाड आहे.

आणखी एक सवय त्यांच्याकडून उचलायची ती म्हणजे अनेक माणसांचं चित्र रचायची. स्लेडमध्ये स्केच क्लब होता, विषय दिला जायचा आणि त्यावर मनाने रचना करून आणायची, उन्हाळ्यात त्याचीच मोठी स्पर्धा. स्टॅनली स्पेन्सरना १९१२ ला बक्षीस मिळालं ते येशूजन्माचं चित्र याच स्पर्धेतलं. तुम्ही महिन्याला एक विषय घ्या: एसटी स्टँडवरची गर्दी, पंगत, ओपीडीबाहेरची रांग. जागेवर जाऊन हातातल्या छोट्या वहीत दोन-दोन मिनिटांची रेखाटनं करा आणि घरी येऊन मनाने रचना करा, फोटोवरून नको. फोटोत लेन्सने ठरवलेलं सगळं आयतं येतं, आणि आपली स्मरणचित्राची शाळेतली सवय आहे ती परत जागी करायची तर मनानेच काढावं लागतं.

आता चेहरा आणि पेस्टल, हा भाग मला सगळ्यात जवळचा. पहिल्या महायुद्धात टाँक्स पन्नाशी ओलांडल्यावर परत डॉक्टरकीकडे वळून आर्मीच्या मेडिकल कोअरमध्ये दाखल झाले आणि १९१६ ला ऑल्डरशॉटच्या केंब्रिज मिलिटरी हॉस्पिटलमध्ये त्यांची गाठ हॅरॉल्ड गिलीज या न्यूझीलंडच्या सर्जनशी पडली. खंदकातल्या लढाईत डोकं वर काढलं की गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा तोंडावर, जबडा गेलेला, नाक गेलेलं, गाल फाटलेला अशी पोरं तिथे येत होती आणि गिलीज त्यांच्याच अंगावरची कातडी वळवून चेहरे परत बांधत होते, आजच्या प्लास्टिक सर्जरीचा मोठा पाया तिथे घातला गेला. टाँक्सनी ऑपरेशनच्या आकृत्या तर काढल्याच, पण या सैनिकांचे चेहरे पेस्टलमध्ये काढले, काहींचे ऑपरेशनआधी आणि नंतर असे दोन्ही. फोटो होतेच, पण ते काळेपांढरे. सुजलेली कातडी, नुकती भरलेली जखम, ओला भाग, कोरडा भाग हे रंगातच कळतं. सत्तरच्या आसपास ती पेस्टल्स आहेत, बहुतेक लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे. त्यातली कुठलीही बघा, जखम जशी आहे तशी आहे, आणि काही चित्रांत तर त्या माणसाचे डोळे सरळ तुमच्याकडे बघताहेत. कीव नाही, भडकपणा नाही. सर्जनचं ज्ञान आणि चित्रकाराचा हात एकाच माणसात असल्याशिवाय हे झालंच नसतं असं माझं ठाम मत आहे.

पेस्टलचा चेहरा असा करा. कागद पांढरा नको, राखाडी किंवा मातकट. दुकानात सॉफ्ट पेस्टल मागा, ऑइल पेस्टल वेगळं, ते तेलकट असतं आणि या कामाला चालत नाही. आधी चारकोलने हाडं: भुवईची कड, गालाचं हाड, जबड्याचा कोन, नाकाचं हाड जिथे संपून मऊ भाग सुरू होतो ती जागा. चेहऱ्यावर उजेड एकाच बाजूने येऊ द्या, खिडकीचा असेल तर उत्तम. मग काळोखाचे मोठे भाग एकत्र, डोळ्याचा खड्डा, गालाखाली, हनुवटीखाली. रंगांमध्ये स्किन कलर म्हणून मिळणारी गुलाबी कांडी बाजूला ठेवा, आपल्या कातडीला ती लागत नाही. बर्न्ट सिएना, यलो ओकर, एखादा ऑलिव्ह हिरवा, सावलीला जांभळट, एवढ्यावर आपला कुठलाही चेहरा होतो. कपाळ जरा पिवळसर, गाल आणि नाक तांबूस, पुरुषाच्या हनुवटीवर दाढीमुळे हिरवट-निळसर, हे लक्षात ठेवून बघा, लगेच दिसायला लागेल. उजेडाचे ठिपके सगळ्यात शेवटी आणि मोजके. पावडर फुंकू नका, बोर्ड उभा ठेवून मागून टिचकी मारा, मास्क लावा, आणि पोळपाट ज्या ओट्यावर असतो तिथे पेस्टल करू नका.

डॉक्टर, नर्स, फिजिओ मंडळींसाठी खास सांगायचं तर तुम्ही आधीच निम्मी वाट चाललेले आहात, हाडं तुम्हाला तोंडपाठ आहेत, फक्त हाताने काढायची सवय नाही. पण पेशंट काढायचा असेल तर आधी स्पष्ट परवानगी, तीही तो बरा असताना, घाबरलेला असताना नाही, आणि काढलेला चेहरा त्याला न विचारता ग्रुपवर टाकायचा नाही. टाँक्स यांची ती पेस्टल्स उपचारांच्या नोंदीचा भाग होती, ती लोकांसमोर मांडायला ते स्वतः फारसे राजी नव्हते. हा संकोच मला फार मोलाचा वाटतो.

पुढे तुम्ही शिकवायला लागलात, घरी चार मुलं येऊ लागली, तर टाँक्स यांची एक रीत जशीच्या तशी उचला. ते विद्यार्थ्याच्या कागदाच्या कडेला, मोकळ्या जागेत, छोटीशी आकृती काढून दाखवायचे, खांदा असा बसतो, गुडघा असा वळतो. असे कडेला मास्तरांचं ड्रॉइंग असलेले कागद आजही जपलेले आहेत. विद्यार्थ्याच्या चित्रावर आपली पेन्सिल फिरवली की ते चित्र त्याचं राहत नाही, आणि नुसतं तोंडाने सांगितलं की त्याला कळत नाही. कडेला काढलं की दोन्ही शेजारी दिसतात आणि पुढची रेघ तो स्वतः मारतो.

त्यांची जीभ मात्र घेऊ नका. टाँक्स अतिशय तिखट बोलायचे, उंच, किडकिडीत, करड्या चेहऱ्याचा हा माणूस वर्गात आला की पोरं थरथरायची, आणि मुली रडत बाहेर पडल्याच्या आठवणी बऱ्याच आहेत. त्याने चांगले चित्रकार झाले असं काही लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, जे झाले ते त्या कडेच्या ड्रॉइंगमुळे झाले आणि जे बोलण्याने खचून गेले त्यांची नावं आपल्यापर्यंत आलीच नाहीत. दुसरी मर्यादा म्हणजे नवं त्यांना सोसत नव्हतं. १९१० ला लंडनमध्ये सेझान, गोगँ, व्हॅन गॉग यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना न गेलात तर बरं अशा अर्थाचं सांगितलं. पोरं अर्थातच गेली. तुमचे विद्यार्थी ॲनिमे काढत असतील तर काढू द्या, त्या ॲनिमेतल्या मुलीचं कोपर कुठे आहे एवढं विचारा आणि कडेला तीन ठिपके काढून दाखवा.

शेवटी पेस्टल सांभाळायचं. पावसाळ्यात आपल्याकडे, कोकणात आणि मुंबईत तर नक्कीच, कागद दमट होतो आणि पेस्टलवर बुरशी धरते. चित्रं भिंतीला टेकवून ठेवू नका, मधे बटर पेपर घालून सपाट, कोरड्या कपाटात ठेवा आणि पाऊस उघडला की एक दिवस बाहेर काढून सावलीत हवा द्या. फ्रेम करायची तर फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे काच आणि चित्रामध्ये अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, काच चित्राला चिकटता कामा नये, आणि फिक्सेटिव्ह, म्हणजे रंगाची पावडर कागदावर धरून ठेवणारा स्प्रे, मारायचंच झालं तर लांबून, पातळ, बाल्कनीत उभं राहून, कारण जास्त मारलं की उजेडाचे ठिपके काळवंडतात.